कोस्टा रिकाची रात्र: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

कोस्टा रिकात रात्र सहाला सुरू होते. विषुववृत्तापासून हा देश जेमतेम दहा अंश वर आहे, त्यामुळे उन्हाळा असो की पावसाळा, साडेपाच ते सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अर्ध्या तासात काळोख पडतो. आपल्याकडची सवय घेऊन येणारी माणसं इथेच चुकतात. संध्याकाळी हॉटेलवर पडायचं, नऊला जेवायला बसायचं आणि अकराला बाहेर पडायचं, असा बेत केला की वाट्याला येतात फक्त पर्यटकांनी भरलेले बार आणि कानठळ्या बसवणारं संगीत. तिथली माणसं सहाला कामावरून सुटतात, सातला मित्रांबरोबर बसतात, नऊला नाचायला लागतात. त्यांच्याबरोबर रात्र घालवायची असेल तर त्यांच्या घड्याळाने चाला. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच, बाकीचं सगळं त्यामागून येतं.

मी ह्यूस्टनला राहते. इथून सान होसेचं विमान साधारण चार तासांचं, त्यामुळे अमेरिकेतली आपली बरीच मराठी मंडळी थँक्सगिव्हिंगच्या किंवा नाताळच्या सुट्टीत तिकडे जातात. ज्वालामुखी बघतात, झिपलाइन करतात, स्लॉथचे फोटो काढतात आणि साडेआठला झोपतात. रात्री बाहेर पडावं की नाही, कुठे जावं, सुरक्षित आहे का, हे विचारायला माणूस मिळत नाही म्हणून. मी गेल्या काही वर्षांत चार वेळा गेले, दोनदा मैत्रिणींबरोबर, दोनदा नवऱ्याबरोबर. जे शिकले ते पायरीपायरीने सांगते. व्हिसाचं एका वाक्यात: भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, अमेरिकेचा चालू मल्टिपल-एंट्री व्हिसा असला तर सूट मिळते, पण तिकीट काढायच्या आधी वकिलातीच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा.

आधी गाव ठरवा

देश लहान दिसतो, पण रस्ते डोंगरातले आहेत. एका रात्री सान होसे आणि दुसऱ्या रात्री कॅरिबियन किनारा असा हट्ट धरू नका.

सान होसे ही राजधानी. बहुतेक पर्यटक ती टाळतात, आणि मला वाटतं ते मोठी चूक करतात. नाचाचे जुने हॉल, पन्नाशी-साठीतल्या जोडप्यांनी भरलेला डान्स फ्लोअर, विद्यार्थ्यांचे अड्डे, हे सगळं इथेच आहे. बार्रिओ एस्कालान्ते हा भाग खाण्यासाठी. जुनी घरं, त्यांत उघडलेली रेस्तराँ आणि स्थानिक बिअर बनवणारे छोटे बार. तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर ला कालिफोर्निया, ज्याला तिथली पोरं ‘ला काली’ म्हणतात. तरुणांची गर्दी तिथे. विद्यापीठाजवळ सान पेद्रोमध्ये ‘काये दे ला आमार्गुरा’ नावाची गल्ली आहे, नावाचा अर्थ कडवटपणाची गल्ली. विद्यार्थ्यांचे स्वस्त बार हवे असतील तर तिथे जा, नाहीतर सोडून द्या. वर्षातून काही वेळा संध्याकाळी ‘आर्ट सिटी टूर’ असते. त्या रात्री शहरातली संग्रहालयं फुकट उघडी असतात आणि त्यांच्यामध्ये बस फिरतात. तुमची तारीख तिच्याशी जुळली तर दुसरा कुठलाही बेत करू नका.

पॅसिफिक किनाऱ्यावर तामारिंदो आणि हाको ही पार्टीची गावं. हाको राजधानीपासून दीड-दोन तासांवर आहे. दोन्हीकडे सर्फिंग करणारी तरुण मंडळी, किनाऱ्यावर बार, इंग्रजी चालतं. पहिल्याच दिवशी स्पॅनिशची भीती वाटत असेल तर तामारिंदो बरं. हाकोतल्या आणि सान होसेच्या मध्यवस्तीतल्या काही बारमध्ये वेश्याव्यवसाय उघड चालतो. आत शिरल्यावर दोन मिनिटांत कळतं, मुकाट्याने बाहेर या.

कॅरिबियन बाजूला पुएर्तो विएहो. ते गाव वेगळंच आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

हॉटेलातून निघण्यापूर्वी

सान होसे सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे. रात्री गारवा असतो, एखादा पातळ स्वेटर लागतोच. समुद्रकिनाऱ्याच्या देशात आलो म्हणून हाफ पॅंट आणि चपला घालून शहरात रात्री हिंडू नका. तिथले लोक रात्री नीटनेटके निघतात: जीन्स, इस्त्रीचा शर्ट, बायका छान आवरून. काही क्लब चपलांवर आत सोडतही नाहीत. मे ते नोव्हेंबर पावसाळा, दुपारनंतर धो धो कोसळतो, तेव्हा छत्री हवीच.

मूळ पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवा. माहितीच्या पानाची आणि प्रवेशाच्या शिक्क्याची छापील प्रत खिशात, फोटो फोनमध्ये. दारूसाठी किमान वय 18 आहे आणि दारावर ओळखपत्र विचारतात. एकच कार्ड आणि थोडी रोख न्या. चलन कोलोन, डॉलरला साधारण पाचशेच्या आसपास. डॉलर चालतात, पण सुट्टे परत मिळताना भाव तुमच्या विरोधात जातो, म्हणून कोलोनच बरे.

आणि पत्ता. हे नीट समजून घ्या, कारण रात्री दोनला हेच कामी येतं. कोस्टा रिकात घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव असा पत्ता रोजच्या बोलण्यात नसतो. एखादी खूण धरून तिथून अंतर सांगतात: ‘चर्चपासून 200 मीटर उत्तरेला, 50 मीटर पूर्वेला.’ शंभर मीटर म्हणजे एक चौक. खरी गंमत अशी की खूण आता शिल्लक असेलच असं नाही. सान पेद्रोमध्ये एक मोठं अंजिराच्या जातीचं झाड होतं, ‘इगेरोन’. ते केव्हाच गेलं, पण आजही लोक ‘जुन्या इगेरोनपासून’ असा पत्ता सांगतात. पाडलेल्या टॉकीजच्या नावाने ओळखला जाणारा बसस्टॉप आपल्यालाही नवा नाही, त्यामुळे मला हे फार जवळचं वाटलं. तुमच्या हॉटेलचा पत्ता अशा भाषेत रिसेप्शनवर लिहून घ्या आणि कागद जवळ ठेवा.

काय प्यायचं, आणि न पिणाऱ्यांनी काय प्यायचं

बिअरला तिथे ‘बिर्रा’ म्हणतात. सगळीकडे मिळणारी इंपेरिआल 1924 पासूनची. लेबलवर काळा गरुड असतो. ती बर्फ घालून देतात, दचकू नका. मिचेलादा मागवली तर लिंबाचा रस आणि ग्लासच्या काठाला मीठ, एवढंच. उकाड्याच्या किनाऱ्यावर ती उत्तम लागते.

देशाची खरी दारू ग्वारो. उसापासून केलेली, पारदर्शक, फारशी कडक नाही. लाल लेबलची कासीके ही सरकारी कारखान्याची बाटली सगळ्यांच्या ओळखीची. टोमॅटोचा रस, लिंबू आणि तिखट सॉस घालून छोट्या ग्लासात देतात त्याला चिलिग्वारो म्हणतात. आपल्या जिभेला ते पहिल्याच घोटात पटतं. पण ग्वारो पिताना एक नियम कडक पाळा: बाटली सीलबंद, नावाजलेली आणि बारमध्ये तुमच्यासमोर ओतलेली हवी. 2019 मध्ये मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) मिसळलेल्या भेसळीच्या दारूने त्या देशात वीसहून अधिक माणसं दगावली आणि सरकारने हजारो बाटल्या जप्त केल्या. किनाऱ्यावर कुणी प्लास्टिकच्या बाटलीतून ‘घरचं’ देऊ केलं तर नको म्हणा.

आता न पिणाऱ्यांचं. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. पहिल्या फेरीत एका छोट्या खानावळीत (खानावळीला तिथे ‘सोडा’ म्हणतात) फळीवर रचून ठेवलेल्या तपकिरी ढेपी दिसल्या आणि मी थबकलेच. गूळच तो. नाव ‘तापा दे दुल्से’. आपल्या ढेपेपेक्षा लहान, वाटीच्या आकाराची, दोन-दोन एकत्र करून मक्याच्या किंवा उसाच्या पाल्यात बांधलेली. उसाच्या चरकाला आणि गुऱ्हाळाला मिळून शब्द आहे ‘त्रापिचे’. बाईंनी ढेपेचा तुकडा फोडला, उकळत्या पाण्यात विरघळवला आणि कप समोर ठेवला. ‘आग्वा दुल्से’, गोड पाणी. आपल्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी देतात, तिथे गारठ्यात बसलेल्याला गरम गूळपाणी देतात. मी तो कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता वास घेत बसले होते.

कॅरिबियन बाजूला त्याच गुळात लिंबू आणि किसलेलं आलं घालून थंड करतात. त्याचं नाव ‘आग्वा दे सापो’, शब्दशः बेडकाचं पाणी. नावावर जाऊ नका, ते आपल्या पानकाचं सख्खं भावंड आहे. याशिवाय ‘नातुराल’ म्हणजे ताज्या फळांची सरबतं: चिंचेचं, रामफळाच्या जातीतल्या ग्वानाबानाचं, आंबट पेरूसारख्या ‘कास’चं. पाण्यात हवं की दुधात, ते विचारतात. शहाळ्याला ‘पिपा’ म्हणतात. बारमध्ये नुसतं सरबत मागितलं म्हणून कुणी भुवई उंचावत नाही. चार वेळांत दोनदा मी दारूला हात लावला नाही आणि माझी रात्र कुठेही कमी पडली नाही.

पोटात काहीतरी हवं

बारमध्ये ग्लासाबरोबर येणाऱ्या छोट्या बशीला ‘बोका’ म्हणतात. शब्दाचा अर्थ तोंड. पूर्वी प्रत्येक पेयाबरोबर बोका फुकट यायची, जुन्या कांतिनांमध्ये, म्हणजे साध्या गावठी बारमध्ये, अजून कुठे कुठे येते. चिफ्रिहो ही सगळ्यात प्रसिद्ध: भात, घेवडा, तळलेलं डुकराचं मांस आणि वर टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर. मांसाहारी असाल तर तिला पर्याय नाही.

शाकाहाऱ्यांनी जरा सावध राहावं. ‘सिन कार्ने’, म्हणजे मांस नको, एवढं म्हटलं तर चिकन किंवा हॅम घातलेलं ताट येऊ शकतं, कारण ‘कार्ने’ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर गोमांसच येतं. ‘नी पोयो, नी हामोन’ हे जोडा. घेवडा चरबीत परतलेला असू शकतो, ‘सिन मान्तेका’ असं विचारा. हमखास मिळणारे पदार्थ: पाताकोनेस, म्हणजे कच्ची केळी चपटी करून दोनदा तळलेली, बरोबर घेवड्याची घट्ट चटणी, तळलेला कसावा, चीज घातलेली मक्याची पोळी. माझ्या एका मैत्रिणीने आठ दिवस पाताकोनेसवर काढले आणि परत आल्यावर ह्यूस्टनच्या बाजारात कच्ची केळी शोधत हिंडली.

एक गोष्ट बघून फार बरं वाटतं. 2012 च्या कायद्याने बार आणि रेस्तराँत धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे, आणि ती पाळली जाते. घरी आल्यावर कपड्यांना सिगारेटचा वास नसतो.

नाच

इथे थोडं रेंगाळते, कारण कोस्टा रिकाच्या रात्रीचा जीव यात आहे.

सान होसेतल्या नाचाच्या हॉलमध्ये साल्सा, मेरेंगे, कुंबिया, बोलेरो आणि त्यांचा स्वतःचा ‘स्विंग क्रिओयो’ असं सगळं वाजतं. हा स्विंग अमेरिकेतल्या बिग बँडच्या नाचातून सुरू झाला, मग कोलंबियाच्या कुंबियाचा ठेका त्यात आला आणि कामगार वस्त्यांच्या हॉलमध्ये तो वाढला. बरीच वर्षं उच्चभ्रू लोक त्याला नाक मुरडायचे. 2012 मध्ये तो राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झाला. आपल्या लावणीला आधी नावं ठेवली आणि मग रंगमंचावर बसवून टाळ्या दिल्या, तसंच हे.

नवख्या माणसाने सुरुवात मेरेंगेने करावी. डावा पाय, उजवा पाय, जागच्या जागी कवायत केल्यासारखं, फक्त गुडघे मऊ ठेवून. दोन गाण्यांत जमतं. मग बोलेरो, तो संथ असतो, जोडीदाराच्या मागे जायचं. साल्सा तिसऱ्या दिवशी. स्विंगला सगळ्यात शेवटी हात घाला, पण घाला नक्की.

मला स्विंग शिकवला तो साठीतल्या एका बाईंनी. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात पुढे केला आणि म्हणाल्या, ‘बायलामोस?’ नाचायचं का? मी मान हलवून नाही म्हणाले, त्यांनी हात तसाच ठेवला. मग गेले. त्यांनी आधी माझ्या खांद्यावर बोट ठेवून तो खाली दाबला, सैल सोड म्हणून. मग स्वतःच्या पायांकडे बोट दाखवलं. टाच जमिनीवर टेकतच नव्हती. प्रत्येक ठेक्याला एक बारीक उडी, जमिनीपासून बोटभर, त्याहून जास्त नाही. उडी वर जात नाही, आतल्या आत जिरते, आणि तिच्या जोरावर पाय मागे-पुढे होतो. मी पहिल्यांदा खरोखर उडी मारली, त्यांनी हसून हात खाली दाबला: ‘चिकितितो’, एवढीशीच. चौथ्या गाण्याला माझ्या अंगाला काहीतरी आठवलं. शाळेत लेझीम खेळताना वाकून उठायचा जो झोक होता, तोच हा. ज्यांनी शाळेत लेझीम घातली आहे त्यांना स्विंग लवकर येतो, हे मी खात्रीने सांगते. गाणं संपलं, बाईंनी माझ्या गालाला गाल लावला आणि आपल्या नवऱ्याकडे निघून गेल्या. त्यांचं नावही मला माहीत नाही.

रीतीभाती साध्या आहेत. कुणीही कुणालाही नाचायला विचारतं. ‘नो, ग्रासियास’ म्हटलं की विषय संपतो, कारण सांगावं लागत नाही. एक गाणं नाचणं म्हणजे एक गाणं नाचणं, त्याचा पुढे काही अर्थ नसतो. गाणं संपल्यावर जोडीदाराला त्याच्या टेबलापर्यंत सोडायचं. कुणी हात नको तिथे नेला तर नाच मध्येच सोडून या, आजूबाजूचे लोक तुमच्या बाजूने असतात.

बरेच हॉल दिवसा किंवा संध्याकाळी आधी शिकवणी घेतात. हॉटेलवर विचारून एक तासाची शिकवणी आधीच करा. रात्री हॉलमध्ये शिरताना पाय घाबरत नाहीत.

बोलायचं कसं

दहा शब्द पुरतात. तिको म्हणजे तिथला पुरुष, तिका म्हणजे बाई, आणि लोक स्वतःला याच नावाने ओळखतात. ‘माए’ हे मित्रामित्रांतलं ‘अरे’ किंवा ‘भावा’, तुम्ही ऐका, पण अनोळखी माणसाला म्हणू नका. ‘तुआनिस’ म्हणजे झकास. ‘पुरा विदा’ नमस्कारालाही चालतं, धन्यवादालाही आणि ‘काय चाललंय’च्या उत्तरालाही. ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’ म्हणजे बिल आणा. आभार मानले की ते ‘कोन मुचो गुस्तो’ म्हणतात, मोठ्या आनंदाने. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचं ‘उस्तेद’. स्पॅनिशमधलं हे ‘तुम्ही’ ते मित्रालाही म्हणतात, स्वतःच्या मुलांनाही. तुम्हीही सगळ्यांना ‘उस्तेद’च म्हणा, चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

फुटबॉल सामन्याच्या संध्याकाळी बार तुडुंब असतात. साप्रिसा या क्लबचा रंग जांभळा, आलाहुएलेन्से या दुसऱ्या क्लबचा लाल-काळा. या दोघांचा सामना असेल तर हे रंग घालून बाहेर पडू नका. राष्ट्रीय संघ जिंकला तर मात्र सगळं शहर सान पेद्रोच्या ‘फुएन्ते दे ला इस्पानिदाद’ कारंज्याभोवती जमतं. 2014 च्या विश्वचषकात ते उपांत्यपूर्व फेरीत पोचले होते, त्या रात्रींच्या आठवणी अजून निघतात.

बिल

13 टक्के कर आणि 10 टक्के सेवाशुल्क बिलात धरलेलं असतं, त्यामुळे वेगळी टिप देणं बंधनकारक नाही. सेवा मनापासून आवडली तर थोडं ठेवा. कार्ड यंत्र टेबलावर मागवा, कार्ड नजरेआड जाऊ देऊ नका. किनाऱ्यावरच्या एका गावात मी कार्ड काउंटरवर देऊन ‘खातं उघडं ठेवा’ म्हटलं. रात्रीच्या शेवटी बिलात आमच्या टेबलावर कधीच न आलेल्या सहा पेयांचा हिशेब होता. भांडून ते काढलं, पण अर्धा तास आणि सगळा मूड गेला. तेव्हापासून प्रत्येक फेरीला तिथल्या तिथे पैसे देते.

परतीची वाट आधी ठरवा

कोस्टा रिका शांत देश आहे ही समजूत अर्धवट खरी आहे. 1948 मध्ये त्यांनी सैन्य बरखास्त केलं, लोक मवाळ आहेत, पण अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे 2023 मध्ये देशात 900 हून अधिक खून झाले, तोवरचा सर्वाधिक आकडा. त्यातले बहुतेक टोळ्यांच्या आपापसातल्या वैरातले. पर्यटकाला खरा धोका चोरीचा, हिसकावण्याचा आणि ग्लासात काही मिसळण्याचा. म्हणून: ग्लास टाकून नाचायला जाऊ नका, आणि गेलात तर परत आल्यावर नवा घ्या. सान होसेत रात्री दहानंतर दोन चौकांसाठीही गाडी करा. किनाऱ्यावर अंधारात वाळूतून चालत हॉटेल गाठू नका, तो रस्ता कितीही जवळचा वाटला तरी. कुणी गांजा किंवा पावडर विकायला आलं तर न थांबता पुढे जा, तो व्यवहार गुन्हा आहे.

अधिकृत टॅक्सी लाल रंगाची, दारावर पिवळा त्रिकोण. विमानतळावरची नारंगी. मीटरला ‘मारिआ’ म्हणतात, बसल्याबरोबर ‘ला मारिआ, पोर फावोर’ म्हणा. मीटर बिघडलंय असं उत्तर आलं तर उतरा. ॲपवरच्या गाड्याही चालतात. त्यात पुढच्या सीटवर बसायला सांगितलं तर नवल मानू नका, ती तिथली पद्धत आहे. एकट्या बाईने मागेच बसावं.

स्वतः गाडी चालवायची असेल तर दारू शून्य. रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम ही मर्यादा आहे आणि रात्री नाके लागतात. मर्यादेची गोष्ट सोडा, डोंगरातले अंधारे रस्ते, खड्डे, कडेने चालणारी माणसं आणि धुकं, एवढंच रात्री गाडी न काढायला पुरेसं आहे. गाडी उभी केलीत तर चमकदार जॅकेट घातलेला माणूस येऊन राखण करतो. त्याला ‘ग्वाचिमान’ म्हणतात, इंग्रजी वॉचमनचाच हा अवतार. परतल्यावर त्याला थोडे कोलोन द्या.

क्लबमधली दारू साधारण अडीचला थांबते. रस्त्यावर बाटली उघडून पिण्याला दंड आहे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात काही नगरपालिका गुरुवार-शुक्रवारी दारूविक्री बंद ठेवतात. आणीबाणीसाठी 911.

पुएर्तो विएहो आणि काहुइता

कॅरिबियन किनारा म्हणजे लिमोन प्रांत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे बांधायला आणि मग केळीच्या मळ्यांवर जमैकाहून माणसं आली, त्यांच्या वंशजांचा हा भाग. स्पॅनिशबरोबर इथे क्रिओल इंग्रजी ऐकू येतं, भेटल्यावर ‘वापिन’ म्हणतात. नारळाच्या दुधातला भात आणि घेवडा खाऊन बघा, कोकणी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल.

पुएर्तो विएहोत रात्री रेगे वाजतो, किनाऱ्याला लागून बार आहेत, गर्दी सगळ्या देशांतली. पण एक संध्याकाळ याच किनाऱ्यावरच्या काहुइता गावासाठी राखून ठेवा. कॅलिप्सो या कॅरिबियन लोकगीतांचा राजा म्हणावा असा वॉल्टर फर्ग्युसन तिथलाच. 2023 मध्ये 103 व्या वर्षी तो गेला. गावात बसून तो स्वतःच्या गाण्यांच्या कॅसेट एकेक करून ध्वनिमुद्रित करायचा आणि वाटसरूंना विकायचा. दुकानासाठी प्रती काढत नव्हता, म्हणून प्रत्येक कॅसेट वेगळी. त्या जगभर विखुरल्या आणि त्याच्या चाहत्यांनी नंतर त्या शोधून काढायची मोहीम चालवली. आजही काहुइतात एखाद्या अंगणात बँजो, काँगा आणि पेटीला एक तार लावून केलेला खर्जाचा ‘किहोंगो’ घेऊन म्हातारी मंडळी बसतात. तिथे नाचायची घाई करू नका. बसा, ऐका, आग्वा दे सापो मागवा. या पट्ट्यात मुक्काम गावातच घ्या, दूरच्या जंगलातल्या कॉटेजमध्ये नको.

तिकडे जाणारा 32 क्रमांकाचा रस्ता ब्राउलिओ कार्रियो राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून जातो, दरडी कोसळून बंद पडतो. चार-पाच तास धरा आणि उजेडात पोचा. एक जमेची बाजू: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाकी देशात पाऊस कोसळत असतो तेव्हा या किनाऱ्यावर उघडीप असते.

जत्रा

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी सान होसेच्या सापोते भागातली जत्रा चुकवू नये. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असते. पाळणे, दिव्यांच्या माळा, तळणाचा वास, आणि ‘चिनामो’, म्हणजे आपल्या जत्रेतली पालंच. मधल्या रिंगणात बैल सोडतात आणि हौशी पोरं त्याच्यापुढे पळतात. बैलाला मारत नाहीत, माणसं मात्र आपटतात. तिथे पाकीट पुढच्या खिशात आणि मुलांचा हात हातात. जानेवारीत अशीच मोठी जत्रा पाल्मारेसला भरते.

आणि एक रात्र किनाऱ्यावर, दिव्याविना

हे नाइटलाइफमध्ये बसतं की नाही, मला माहीत नाही, पण मी ते सोडणार नाही. पॅसिफिक किनाऱ्यावर ओस्तिओनाल नावाचं गाव आहे. पावसाळ्यात, चंद्र कलेकलेने उतरत असताना, काही रात्री तिथे ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी वाळूवर येतात आणि अंडी घालतात. या सोहळ्याला ‘आर्रिबादा’ म्हणतात. आपल्या वेळासला आणि आंजर्ल्याला ज्यांची पिल्लं बघायला आपण पहाटे उठून जातो, तीच ही जात.

नियम पक्के आहेत. गावातल्या परवानाधारक गाइडशिवाय किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही, त्याचं शुल्क आधी भरा. पांढरा दिवा नाही, फ्लॅश नाही, फोन खिशात. गाइडजवळचा लाल दिवा तेवढा चालतो. गडद रंगाचे कपडे घाला. कासवाच्या पुढून जाऊ नका, मागे उभे राहा. पावसात तिकडच्या नद्या रस्त्यावरून वाहतात, म्हणून उंच गाडी करा आणि आर्रिबादा सुरू झाल्याची खात्री करूनच निघा. तारीख कुणी देऊ शकत नाही, कासवं आपल्या मनाने येतात.

आम्ही गेलो त्या रात्री चंद्र नव्हता. आधी काहीच दिसलं नाही, फक्त लाटा. मग डोळे सरावले आणि वाळूवरचे दगड हलायला लागले. माझ्यापासून हातभर अंतरावर एक मादी मागच्या पायांनी वाळू उपसत होती, एक पाय, मग दुसरा, न थांबता. दर थोड्या वेळाने ती खोल श्वास सोडायची. तो आवाज मला माणसाच्या उसाशासारखाच वाटला. आमच्यापैकी कुणी तासभर एक शब्द बोललं नाही.